आज्याच्या नावाचा जार

आमच्या घरात चौथं आणि पाचवं शील एकाच उन्हाळ्यात मोडलं. पाचवं माझ्या भावानं मोडलं आणि चौथं मी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, चौथं खोटं न बोलण्याचं आणि पाचवं नशा न करण्याचं. भाऊ तेव्हा हसत म्हणाला होता, "वाटून घेऊ सुजे. पाचवं माझ्यावर, चौथं तुझ्यावर." मीही हसले होते. सतरा वर्षांची होते, बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि मोठ्या भावानं आपल्याला कशात तरी सामील करून घेतलं याचंच मला अप्रूप. आता तिशी ओलांडली, केसांत पांढरं डोकावायला लागलं, तरी ते हसणं आठवलं की मला माझाच राग येतो.

टेंभुर्णीत आमचं घर विहारापासून हाकेच्या अंतरावर होतं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि दर रविवारी विहारात वंदना घ्यायचे. दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात ते पाली शिकून आल्ते आणि त्या दहा दिवसांचं शिक्षण त्यांनी जन्मभर पुरवून पुरवून वापरलं. ते पुढे म्हणायचे, मागून सगळी वस्ती म्हणायची. पाचव्या शीलापाशी आले की थांबून अर्थ सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. "सुरा म्हणजे धान्याची. भिजवा, मोड आणा, आंबवा, झाली सुरा. मेरय म्हणजे फुलाची, फळाची, गुळाची. म्हंजे त्यातून कोणीच सुटत न्हाई." मागच्या ओळीतली एखादी बाई हमखास म्हणायची, "गुरुजी, आम्हाला समजलं, आमच्या मालकाला समजावा," आणि बायका पदरात तोंड घालून हसायच्या. आबा हसायचे नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ती हसायची ओळ नव्हती, कारण त्यांचा बाप, म्हणजे माझा आजा, दारूनं गेल्ता.

आज्याला मी पाहिलेलं नाही. सखाराम त्याचं नाव. हातभट्टीची पिऊन तो नाल्यात पडला तो सकाळी सापडला, एवढंच घरात बोललं जायचं. आबा तेव्हा बारा वर्षांचे. बापासाठी बाटली भरून आणायचं काम त्यांच्याकडेच होतं, हे मात्र आम्हाला आबांनी नाही, आज्याच्या धाकट्या बहिणीनं, धुरपताआजीनं सांगितलेलं. ती असंही सांगायची की सख्याभाऊ पहिला घोट घ्यायच्या आधी ग्लासात करंगळी बुडवायचा आणि एक थेंब जमिनीवर उडवायचा. सगळे पिणारे थेंब उडवतात, पण ते अंगठ्याजवळच्या बोटानं. करंगळीनं उडवणारा गावात तो एकटाच होता. आबांना पहिला वाढीव पगार हाती आला तेव्हा त्यांनी बापाच्या नावानं विहाराला थंड पाण्याचा जार दिला. निळा, पांढऱ्या झाकणाचा, वीस लिटरचा. त्यावर लाल ऑइलपेंटनं पेंटरकडून लिहून घेतलं, 'कालकथित सखाराम यांच्या स्मरणार्थ'. ज्या माणसाच्या नावानं लोक नाक दाबायचे, त्याच्या नावानं उन्हातून आलेला माणूस गार पाणी पितो, याचं आबांना केवढं समाधान होतं. दर पौर्णिमेला ते तो जार स्वतः घासायचे.

त्या उन्हाळ्यात जारची तोटी तुटली. बुद्ध पौर्णिमेच्या आत दुरुस्त करून आणतो म्हणून आबांनी तो घरी आणला आणि काम भाऊवर सोपवलं. भाऊ पुण्याहून परत आल्ता. मिलिंद त्याचं नाव, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. पुण्यात तो एका बीअर बनवायच्या ठिकाणी कामाला होता, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. आबांना त्यानं 'ज्यूसची कंपनी' सांगितलं होतं. तिथून त्याला काढून टाकलं. का काढलं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही आणि मीही इतकी शहाणी की विचारलं नाही. दिवसभर पत्र्याच्या खोलीत पडून मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ बघायचा. एका दुपारी त्यानं मला हाक मारून एक दाखवला. कोण्या परदेशातला दाढीवाला माणूस घरच्या घरी बीअर बनवत होता, त्याच्यापुढे अगदी आमच्यासारखा जार. त्याची तोटी काढून त्यानं नळ बसवला, आत जाळी बसवली, भरडलेलं धान्य आणि गरम पाणी टाकलं, झाकण लावलं. "सुजे, बघ," भाऊ म्हणाला, "जे भांडं गार धरतं ते गरम बी धरतं. एवढंच लागतंय. बाकी सगळं मला येतं." मी म्हटलं, "अरे पण हा विहाराचा आहे. आज्याचं नाव आहे त्याच्यावर." तो म्हणाला, "भांड्याला काय कळतंय? दोनदा करून पाहू, धुऊन परत देऊ." किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली होती. मला वाटलं, हाताला काम लागलं की माणूस सावरतो.

नळ बसवायला आम्ही बसस्टँडजवळ सलीमचाचांकडे गेलो. त्यांचं नळफिटिंगचं दुकान. त्यांनी तुटकी तोटी काढली, भोक थोडं मोठं केलं, दोन्ही बाजूंनी रबरी वायसर घालून स्टीलचा नळ घट्ट बसवला. इथपर्यंत सगळं ठीक. मग भाऊनं बेसिनखाली असते ती विणलेल्या तारेची नळी मागितली, तिची दोन्ही टोकं कापली, आतली रबरी नळी ओढून काढली आणि नुसती तारेची पोकळ जाळी उरली ती नळाला आतून बसवायला सांगितली. चाचांचा हात थांबला. "नल तो लगा दिया बेटा. पन ये अंदर जाली किसकू?"

"पाणी में गाद आता चाचा. टँकर का पाणी है."

"गाद नीचे बैठता. पाणी पीने को इतना कोई नई करता." त्यांनी जार फिरवला, लाल अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं आणि भाऊकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "बुजुर्ग के नाम का है. संभाल के वापरना, बेटी." मी मान डोलावली. सांभाळणारी मीच असल्यासारखी ऐटीत जार मांडीवर घेऊन गाडीवर मागे बसले.

मोड आणायचं काम माझं. ज्वारी घरचीच होती. रात्रभर भिजवायची, ओल्या गोणपाटात बांधायची, दोन दिवसांनी मोड बोटाच्या पेराएवढे झाले की गच्चीवर पसरायची. चैत्रातलं ऊन, अर्ध्या दिवसात ज्वारी खडखडीत. मायला मी सांगितलं की तुझ्या गुडघ्यासाठी ज्वारीचं सत्त्व करून राह्यले. ती बिचारी सुखावली. वाळलेली ज्वारी तळहातात चोळून मोड कसे झाडायचे ते तिनंच मला दाखवलं. झाडलेले मोड मी भिंतीपलीकडच्या शेळीपुढे टाकायला निघाले तशी ती ओरडली, "तिला नको टाकू. कोवळ्या ज्वारीच्या कोंबाला ईष असतं, लागून मरंल. मातीत पूर." मी उकिरड्याच्या कडेला खड्डा करून ते पुरले. गच्ची झाडताना हाताला गोडसर वास येत होता, भाजलेल्या कणसासारखा, आणि मला तो आवडला होता.

भरड दळून आणायला मी गिरणीत गेले तो दिवस मी विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. सकाळची शाळा सुरू झाल्ती, आबा बाराच्या सुमारास घरी यायचे, म्हणून मी अकरालाच गिरणी गाठली. पण वीज गेली. तासभर मी तिथं डब्यावर बसून राहिले. दळण झालं आणि पत्र्याचा डबा कमरेवर घेऊन निघाले, तर चौकाच्या लिंबाखाली आबा समोर. डोक्याला उपरणं, हातात छत्री. "काय दळायला नेल्तं?"

"सत्त्व, आबा. मायच्या गुडघ्याला."

त्यांनी झाकण उघडलं, चिमूटभर भरड घेतली, दोन बोटांत चोळली. मग जिभेवर ठेवली. "गोड झालीय ज्वारी," ते म्हणाले. आणखी काहीतरी म्हणतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी झाकण बसवलं, वरून तळहातानं दाबलं. "जड आहे का डबा? दे मी घेतो."

"न्हाई आबा, हलकाच आहे."

"बरं. जल्दी चल मंग, ऊन लागंल," असं म्हणून ते छत्री माझ्या डोक्यावर धरून घरापर्यंत आले. कमरेला डब्याची कड रुतून वळ उठला होता. घर येईस्तोवर मी तो एकदाही दुसऱ्या बाजूला घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आबा शाळेत गेल्यावर पत्र्याच्या खोलीत काम सुरू झालं. भरडीतली अर्धी भाऊनं कण्यांसारखी शिजवून घेतली. बाकीची कोरडीच जारमध्ये ओतली, मग कण्या, मग अंघोळीच्या पातेल्यातलं गरम पाणी. लांब दांडीचा थर्मामीटर घालून बघायचा, गार पाण्याचा तांब्या टाकायचा, पुन्हा बघायचा. मी पोळपाटाच्या लाटण्यानं ढवळत होते. मग झाकण लावून त्यानं जारला ओलं नाही, कोरडं गोणपाट गुंडाळलं आणि सुतळीनं बांधलं. ऊब जाऊ नये म्हणून, तो म्हणाला. गोणपाटाच्या खालून नुसतं 'स्मरणार्थ' तेवढं दिसत राहिलं. ते मला बघवेना, मी गोणपाट खाली ओढलं. दीड तासानं त्यानं नळ उघडला. आधी काहीच आलं नाही, जाळी तुंबली होती. भाऊ जमिनीवर पालथा झाला, नळाला तोंड लावून त्यानं जोरात फुंकलं, आणि आत कुठेतरी गुडगुड होऊन तांबूस, दाट, वाफाळती धार लागली. त्यानं मला वाटीत दिली. गुळवणी वाटावी इतकी गोड. ज्वारीच्या पिठाची गुळवणी झाली होती, साखरेचा दाणा न घालता. "हे कसं काय झालं?" मी विचारलं तर भाऊ म्हणाला, "मोडाला ठाऊक असतं." त्या सकाळी आम्ही दोघं फार सुखात होतो. हे लिहायला नको वाटतं, पण होतो.

मग ते उकळलं, त्यात बीअरला कडूपणा आणणाऱ्या, चाऱ्याच्या पेंडीसारख्या हिरव्या गोळ्या पडल्या, गार झाल्यावर पुण्याहून आणलेली यीस्टची पुडी पडली आणि सगळं पाण्याच्या पिंपात झाकून ठेवलं. पिंप बोलू लागलं. झाकणाला लावलेल्या नळीतून बुडबुडे यायचे, थांबत थांबत, कोणी दारामागे उभं राहून घसा खाकरावा तसं. मायनं एकदा विचारलं, "खोलीत काय वाजून राह्यलं?" मी म्हटलं, उंदीर. खोटं बोलायचं म्हटलं की पहिलंच तेवढं जड जातं. ज्या सकाळी भाऊनं पहिला ग्लास भरला त्या सकाळी मी दाराशी राखणीला होते. ढगाळ, पिवळसर, वर पांढरा फेस. त्यानं ग्लास उजेडात धरला, हसला, आणि पिण्याआधी त्यात करंगळी बुडवून एक थेंब जमिनीवर उडवला. मी विचारलं, "हे कुठं शिकलास?" "काय?" तो म्हणाला. त्यानं काय केलं ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं तो एक ग्लास पिऊन, वहीत काहीतरी लिहून ठेवील. आबांच्या यायच्या वेळेपर्यंत त्यानं सहा ग्लास संपवले, शेवटचे दोन उभ्यानं, पाणी पितात तसे.

रविवारी वंदनेत तो माझ्या शेजारी बसायचा. चौथं शील मी म्हणायची, ओठ हलवून, आवाज न काढता. पाचव्याला त्याचे ओठही हलायचे नाहीत. आबा पुढे, पाठ आमच्याकडे, आणि तरी मला वाटायचं ते आमचे आवाज मोजून राह्यले. घरी जेवताना भाऊकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसाच धरून ठेवायचे. "काही सांगायचं का?" असं एकदा त्यांनी विचारलं सुद्धा. कोणाला ते नाव न घेता. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या आणि मायनं आणखी कालवण वाढलं.

वैशाख लागला, बोअर आटला, टँकर आठ दिवसांनी यायला लागला. मायनं पाणी भरायला पिंप मागून घेतलं. दुसऱ्या खेपेचं पाणी आंबवायला तयार होतं आणि ठेवायला भांडं नव्हतं. मी भाऊला म्हटलं, "फेकून दे. पौर्णिमा नऊ दिवसांवर आली." तो म्हणाला, "आठ दिवसच तर लागतात," आणि ते सगळं त्यानं जारमध्येच ओतलं. आठ दिवस ते आज्याच्या नावाच्या जारमध्ये आंबत राहिलं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यानं बाटल्या भरल्या, आम्ही जार सोड्यानं घासला, राखेनं घासला, लिंबू चोळलं, उन्हात पालथा घातला. आतली जाळी काढली. मी डोकं आत घालून वास घेतला. मला काही आला नाही. महिनाभर त्या वासात राहिलेल्या नाकाला काय येणार, पण एवढी अक्कल तेव्हा कोणाला होती.

बुद्ध पौर्णिमेला सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहारात. खिरीच्या मोठ्या पातेल्याला वेलदोड्याचा वास सुटला होता, बायका पोरांना गप्प करून राह्यल्या होत्या. दाराशी स्टुलावर जार, त्यात बर्फ घातलेलं पाणी, बाजूला स्टीलचे ग्लास. लोक येत होते, पीत होते, एखादा ग्लासाकडे बघून पुढे जात होता. धुरपताआजी काठी टेकत आली. मी तिला ग्लास भरून दिला. तिनं तो तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली घेतला. तिचे डोळे मोतीबिंदूनं पांढरे झाल्ते, पण ते भरून आले ते मला दिसलं. हळूच म्हणाली, "सुजे, पाण्याला सख्याभाऊच्या तोंडाचा वास येऊन राह्यला गं."

हळूच म्हणाली, पण आबा मागेच उभे होते. त्यांनी तिच्या हातातून ग्लास घेतला. वास घेतला. ओतून देतील असं मला वाटलं. त्यांनी ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं, ग्लास पालथा घातला आणि जाऊन वंदनेला बसले. पहिली चार शीलं नेहमीसारखी झाली. चौथं मी त्या दिवशी मोठ्यानं म्हटलं, का ते ठाऊक नाही. पाचव्याला आबांनी श्वास घेतला आणि आवाज आलाच नाही. पंखा कुरकुरत होता. मागची माणसं हात जोडून वाट बघत होती, कारण ते म्हटल्याशिवाय त्यांना म्हणता येत नव्हतं. शेवटी आबा वळले. "पाचवं कोणी तरी दुसऱ्यानं घ्या," ते म्हणाले, "मला घेता येत न्हाई." आणि उठून पुरुषांच्या शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून बसले. कोणी पुढे होईना. मग धुरपताआजीनंच सुरुवात केली, तुटक्या, चुकीच्या उच्चारांत, आणि सगळी वस्ती तिच्या चुकांसकट तिच्यामागून म्हणाली. आबांनी त्यानंतर कधीही वंदना घेतली नाही.

घरी आल्यावर त्यांनी पत्र्याच्या खोलीत डोकावूनही पाहिलं नाही. जार ओसरीवर ठेवला आणि भाऊला एवढंच म्हणाले, "कोणाचं भांडं आहे एवढं तरी वाचायचं होतं."

"भांड्याला काय कळतं आबा," भाऊ म्हणाला.

"भांड्याला न्हाई कळत. म्हणून तर नाव लिहिलं होतं."

भाऊ दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेला. जाताना बाटल्या पिशवीत घेऊन गेला. पुढची बारा वर्षं मी इथं लिहीत बसत नाही. नोकऱ्या लागल्या, सुटल्या, लग्न झालं, मोडलं. आज्याला नाल्यातून उचललं होतं, भाऊला आम्ही एका भाड्याच्या खोलीतून उचललं. शेजारी म्हणाले, दोन दिवस दार बंद होतं. लोक म्हणतात रक्तातच होतं. मला ते पटत नाही. रक्तात असतं तर तेच रक्त माझ्या बापाच्या अंगात नव्हतं का?

त्याच्या जलदान विधीला मी आणि आबांनी मिळून तांब्या धरला. भन्ते म्हणत होते आणि आम्ही वाटीत बारीक धार सोडत होतो, वाटी भरून पाणी ताटात सांडेपर्यंत. तांब्याचं वजन माझ्यावरच होतं. नातेवाइकांपैकी कोणी तरी म्हणालं, मिलिंदच्या नावानं विहाराला काहीतरी द्या, उन्हाळा आहे, जार द्या. आबा म्हणाले, "जार सोडून काय बी." माणसं पांगली, माय आत जाऊन पडली. आम्ही दोघंच ओसरीवर उरलो. बारा वर्षं पोटात ठेवलेलं मी तेव्हा बोलले. म्हटलं, आबा, त्या दिवशी डब्यात मायचं सत्त्व नव्हतं. मी खोटं बोलले होते.

"सत्त्वाला बारीक दळतात, सुजे," ते म्हणाले, "वस्त्रगाळ करतात. भरड कोणी नेत न्हाई. बोटात चोळली तेव्हाच कळलं मला."

"मंग बोललात का न्हाई?"

"वाटलं तुम्ही दोघं सांगाल. आज सांगाल, उद्या सांगाल. वाट पाहत राह्यलो." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "माझी माय बी अशीच वाट पाहत राह्यली होती. मी बाटली भरून आणायचो, ती दारात उभी राहून बघायची. काढून घेतली न्हाई कधी हातातून."

तांब्यात थोडं पाणी उरलं होतं, ते मी अंगणातल्या लिंबाला घातलं आणि परत येऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला, मी लहान असताना घ्यायचे तसा.

"जड होता का गं तो डबा?" त्यांनी विचारलं.

"हो आबा," मी म्हटलं. "लई जड होता."